एडिसनची बॅटरीची दहा वर्षे

थॉमस अल्वा एडिसन हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे विजेचा दिवा येतो. त्याच्यामागोमाग ती प्रसिद्ध गोष्ट येते. हजारो प्रयोग फसले, तरी हा माणूस खचला नाही. उलट कशाकशाने काम होत नाही एवढे तरी समजले, असे त्याने निराश मित्राला सांगितले. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपर्यंत ही गोष्ट दिव्याची म्हणून सांगितली जाते. गोष्टीला आधार आहे, पण ती दिव्याची नाही. एडिसनचा सहकारी वॉल्टर मॅलरी याने सांगितलेली ही आठवण फ्रँक डायर आणि थॉमस मार्टिन यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एडिसन-चरित्रात आली. मॅलरीने ज्या नऊ हजारांवर प्रयोगांचा उल्लेख केला, ते दिव्याच्या तारेचे नव्हते. ते पुन्हा पुन्हा भारित करता येणाऱ्या बॅटरीचे होते.

एडिसनच्या आयुष्यातील ही दहा वर्षे दिव्याच्या प्रकाशात झाकोळून गेली. त्यांचे महत्त्व मात्र आज पुन्हा जाणवू लागले आहे, आणि तेही अगदी लहानसहान गोष्टींतून. साताऱ्याहून मेढा, केळघर या मार्गाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता वेण्णेच्या खोऱ्यातून जातो. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे भातखाचरे, आणि वाऱ्याचा काही नेम नाही. मेढ्यातील एखाद्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी उडविण्यासाठी रेडिओ नियंत्रित विमानाची प्रतिकृती तयार करायला घेतली, तर थर्माकोलचे पंख कापणे हे त्यातले सोपे काम ठरते. तो अडतो बॅटरीपाशी. ती हलकी हवी, कारण विमानाला स्वतःबरोबर तिलाही उचलायचे असते. वाऱ्याचा झोत आला तर क्षणात भरपूर वीज द्यायला हवी. शेकडो वेळा भारित करता यायला हवी, आणि तिने पेट घेता कामा नये. हे सगळे गुण एका बॅटरीत सापडत नाहीत. काहीतरी सोडून काहीतरी घ्यावे लागते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी एडिसनने नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. त्याच्या डोळ्यांपुढे विमानाऐवजी मोटार होती, इतकाच फरक.

११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मिलान या गावी एडिसनचा जन्म झाला. शाळेत तो फारसा गेला नाही. आगगाडीत वर्तमानपत्रे विकता विकता सामानाच्या डब्यात त्याने प्रयोगशाळा थाटली आणि तेथे आग लागल्यावर ती गमावली. ऐकू कमी येऊ लागले तेही याच वयात. पुढे तो तारायंत्रावर काम करू लागला. त्या काळची तारायंत्रे रासायनिक विद्युतघटांवर चालत. तार कचेरीत काम करणे म्हणजे आम्लाने भरलेल्या काचेच्या भांड्यांच्या सहवासात दिवस काढणे. १८६७ मध्ये केंटकीतील लुइव्हिल येथे रात्रपाळीला असताना तो शिसे-आम्ल बॅटरीवर खटपट करीत होता. त्याच्या हातून गंधकाम्ल सांडले, ते फळ्यांच्या फटींतून खाली झिरपले आणि खालच्या मजल्यावरील वरिष्ठांच्या टेबलावर पडले. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. शिसे आणि आम्ल यांच्याशी एडिसनचे पुढे आयुष्यभर जमले नाही. त्याची कारणे अर्थातच शास्त्रीय होती; पण पूर्ववैमनस्यही थोडे होते असे म्हटले तर चालेल.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दिवा आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घराघरांत पोहोचलेली वीज. पहिली पत्नी मेरी १८८४ मध्ये वारली. १८८६ मध्ये मिना मिलर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि पाठोपाठ वेस्ट ऑरेंज येथे पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी प्रयोगशाळा उभी राहिली.

त्याच दशकात त्याने हवेत उडण्याचाही नाद करून पाहिला. वृत्तपत्रसम्राट जेम्स गॉर्डन बेनेट याने त्यासाठी पैसे दिले होते. वर उभा फिरणारा पंखा लावून यंत्र उचलायचे, म्हणजे आजच्या भाषेत हेलिकॉप्टर बनवायचे, असा बेत होता. इंजिन हलके व्हावे म्हणून त्याने कागदाच्या पट्ट्यांपासून तयार केलेला स्फोटक इंधनासारखा वापरला. त्याचा स्फोट झाला, एक सहकारी भाजला आणि प्रयोग थांबला. एडिसनने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र बिनचूक होता. पंख्याची रचना ही मुख्य अडचण नाही. वजनाच्या मानाने पुरेशी ताकद देणारे यंत्र जोवर मिळत नाही, तोवर उडणे शक्य नाही. आज मॉडेल विमाने बनविणारा कोणीही छंदिष्ट पहिल्यांदा हाच हिशेब मांडतो.

१८९० चे दशक एडिसनला वाईट गेले. न्यू जर्सीतील ऑग्डन येथे हलक्या प्रतीच्या खडकातून चुंबकाने लोहखनिज वेगळे करण्याचा प्रचंड कारखाना त्याने उभारला. मिनेसोटात उत्तम प्रतीचे खनिज सापडले, भाव कोसळले आणि वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम बुडाली. जनरल इलेक्ट्रिकचे आपले समभागही त्याने त्यात घातले होते. अशा वेळी दुसरा एखादा पन्नाशीतला माणूस उरलेले सांभाळून स्वस्थ बसला असता.

एडिसन बॅटरीकडे वळला. त्यातही एक गंमत आहे. ऑगस्ट १८९६ मध्ये न्यूयॉर्कजवळ एडिसन कंपन्यांच्या अधिवेशनात डेट्रॉइटचा एक तरुण अभियंता त्याला भेटला. त्याचे नाव हेन्री फोर्ड. आपण पेट्रोलवर चालणारी गाडी बनविली आहे, असे त्याने सांगितले. विजेच्या गाडीला बॅटरीचे ओझे वाहावे लागते आणि वीजकेंद्रापासून फार लांब जाता येत नाही. पेट्रोलची गाडी आपले इंधन बरोबर घेऊन जाते, तेव्हा हेच काम पुढे चालवावे, असा सल्ला खुद्द एडिसनने त्याला दिला. तीन वर्षांनी तोच एडिसन विजेच्या गाडीसाठी बॅटरी शोधायला बसला.

त्या वेळी तो वेडेपणा नव्हता. १९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. त्या आवाज करीत नसत, धूर सोडत नसत, हँडल फिरवून सुरू कराव्या लागत नसत. अडचण एकच होती, शिसे-आम्ल बॅटरी. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले, त्यामुळे या बॅटरीचे स्वभावदोष आपल्याला चांगलेच माहीत आहेत. ती जड असते. पूर्ण उतरू दिली आणि तशीच ठेवली, तर पट्ट्यांवर गंधकक्षारांचा कठीण थर बसून ती निकामी होते. आम्ल आसपासचे सारे खाते. एडिसनला अशी बॅटरी हवी होती, जिला आम्लाचा स्पर्शच नसेल. जी पूर्ण उतरली, जास्त भरली, खड्ड्यांतून आदळली तरी बिघडणार नाही.

म्हणून त्याने आम्ल सोडून अल्कली निवडली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पोलाद गंजत नाही, त्यामुळे डबा पोलादाचा करता येतो. प्रश्न राहिला तो त्यात कोणत्या धातूंच्या जोड्या बुडवायच्या याचा. आरंभी त्याने तांबे आणि कॅडमियम ही जोडी घेतली आणि तिची पेटंटे मिळविली. मग धन बाजूला निकेलचे संयुग आणि ऋण बाजूला लोखंड अशी जोडी ठरली. लोखंड स्वस्त आणि मुबलक होते. कॅडमियम दुर्मीळ होते. रस्त्यावरच्या हजारो गाड्यांचा विचार करणाऱ्या उद्योजकाला ही निवड साहजिक वाटली.

स्वीडनमध्ये मात्र त्याच सुमारास वाल्डेमार युंग्नर नावाचा, एडिसनपेक्षा बावीस वर्षांनी लहान संशोधक याच वाटेने निघाला होता. १८९९ मध्ये त्याने निकेल-कॅडमियमची बॅटरी सिद्ध केली. कॅडमियमऐवजी लोखंड घालून त्यानेही पाहिले. पण लोखंडाचा घट भारित करताना बरीच वीज वायू निर्माण करण्यात वाया जाते, हे पाहून त्याने तो बाजूला ठेवला. म्हणजे दोघांपुढे एकच पर्याय होता आणि दोघांनी उलट निवड केली. दोघांत पेटंटांवरून कज्जे चालले. युंग्नरचा कारखाना १९०५ मध्ये आगीत सापडला. एडिसनची कीर्ती, पैसा, वकील यांपुढे त्याचे नाव मागे पडले आणि १९२४ मध्ये तो निधन पावला, तेव्हा आपल्या बॅटरीचे पुढे काय होणार याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

१९०१ मध्ये एडिसनची बॅटरी कंपनी स्थापन झाली. वृत्तपत्रांतून मोठमोठ्या घोषणा झाल्या. आता घोड्यांचे दिवस संपले, असा एकूण सूर होता. एडिसनला प्रसिद्धीचे तंत्र उत्तम अवगत होते आणि येथे ते त्याच्या अंगाशी आले. १९०३ मध्ये ई नावाचा पहिला नमुना बाजारात आला. शहरांतील माल पोहोचविणाऱ्या गाड्यांत तो बसविला गेला आणि वर्षभरात तक्रारी सुरू झाल्या. पोलादी डब्यांचे सांधे पाझरू लागले. त्याहून वाईट म्हणजे, घटांची धारणशक्ती हळूहळू कमी होत होती. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहत नाही म्हणून त्यात ग्राफाइट मिसळले होते. पुन्हा पुन्हा भारित होताना ते निकेलपासून सुटत होते आणि आतला बराचसा ऐवज निरुपयोगी होऊन पडत होता.

या क्षणी एडिसनने जे केले, ते त्याच्या साऱ्या शोधांइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९०४ च्या अखेरीस त्याने उत्पादन बंद केले आणि सदोष बॅटऱ्या स्वतःच्या पैशांनी परत घेतल्या. अनेक ग्राहक तशाच बॅटऱ्या चालवून घ्यायला तयार होते, मागणीही होती. तरी त्याने ऐकले नाही. लोहखनिजात हात पोळलेल्या माणसाने पुन्हा दहा लाख डॉलरच्या वर रक्कम या बॅटरीत ओतली.

पुढची पाच वर्षे वेस्ट ऑरेंजमध्ये रात्रंदिवस काम चालले. मॅलरीची गोष्ट या वातावरणातली आहे. घट भरायचे आणि उतरवायचे, पुन्हा भरायचे, नोंदी करायच्या. खडबडीत रस्त्यांवरून गाड्या शेकडो मैल पळवायच्या. बॅटऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून पाहत, असेही सांगितले जाते. कोबाल्टच्या शोधात एडिसन १९०६ मध्ये मोटारीने नॉर्थ कॅरोलिनापर्यंत भटकून आला. हे सारे पद्धतशीर शास्त्र होते असे म्हणता येत नाही. त्या काळी विद्युतरसायनाचे सिद्धांत पुढे गेले होते आणि त्यांचा आधार घेतला असता तर कदाचित निम्मी मेहनत वाचली असती. पण एडिसनचा विश्वास हातांवर आणि चिकाटीवर होता.

उत्तर सापडले ते मात्र देखणे होते. एका फिरत्या नळकांड्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा एक अतिपातळ थर, त्यावर निकेलचा, पुन्हा तांब्याचा, असे थर चढवायचे. मग तांबे विरघळवून टाकायचे. उरतात ती मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतक्या जाडीची निकेलची पापुद्रे. छिद्रे पाडलेल्या पोलादी नळ्यांत निकेलच्या संयुगाचे आणि या पापुद्र्यांचे शेकडो थर एकावर एक ठासून भरले, की वीज वाहण्याची वाट कधीच तुटत नाही. ग्राफाइटचा प्रश्न संपला. त्याच सुमारास द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड घातले तर घटाची शक्ती आणि आयुष्य दोन्ही वाढते, हे ध्यानात आले. त्याचे पेटंट १९०८ चे आहे. आज मोबाइलपासून मॉडेल विमानांपर्यंत ज्या लिथियमचा बोलबाला आहे, ते शंभर वर्षांपूर्वी एडिसनच्या पोलादी डब्यात असे चिमूटभर येऊन बसले होते. त्याचे काम तेथे अगदी वेगळे आणि दुय्यम होते, हे खरे.

१९०९ मध्ये नवी बॅटरी बाजारात आली. आता एडिसन बासष्ट वर्षांचा होता. बॅटरी उत्तमच होती. ती झिजता झिजत नसे. नीट पाणी घातले तर वीस-तीस वर्षे सहज टिके. पण ज्यासाठी तिचा जन्म झाला होता, तो सामना तोवर हातचा निसटला होता. आदल्याच वर्षी फोर्डची मॉडेल टी बाजारात आली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि हँडल फिरविण्याचा त्रासही गेला. गमतीचा भाग असा, की त्या स्टार्टरलाही बॅटरी लागत होती आणि ती जागा एडिसनच्या बॅटरीला मिळू शकली नाही. स्टार्टरला काही सेकंदांपुरता विजेचा मोठा लोंढा हवा असतो. निकेल-लोखंडाचा घट शांतपणे, दीर्घकाळ वीज देणारा. एकदम मागितली तर तो हात आखडता घेतो, आणि थंडीत तर अधिकच. शिसे-आम्ल बॅटरीचे बाकीचे सारे दोष या एका गुणापुढे लोकांनी माफ केले. फोर्ड आणि एडिसन आता जिवलग मित्र झाले होते. १९१४ च्या सुमारास दोघांनी मिळून स्वस्त विजेची मोटार काढण्याचे ठरविले, पण तो बेतही तडीस गेला नाही.

याच वेळी एडिसनच्या बॅटरीवर एक गडद सावली पडली. पाणबुडीत शिसे-आम्ल बॅटरी असताना समुद्राचे पाणी आत शिरले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आम्लच नसेल तर हा धोका टळतो, असा एडिसनच्या कंपनीचा दावा होता आणि तो खरा होता. अमेरिकी नौदलाच्या ई-२ या पाणबुडीत त्याच्या बॅटऱ्या बसविल्या गेल्या. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या नौदल गोदीत ती पाणबुडी दुरुस्तीला उभी असताना आत साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. काही जण प्राणांस मुकले, अनेक जखमी झाले. वायू बाहेर काढण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती, असे कंपनीचे म्हणणे पडले. पण युंग्नरने लोखंड बाजूला ठेवले होते ते या घटाच्या वायू सोडण्याच्या खोडीमुळेच, हे विसरता येत नाही. क्लोरीनच्या धोक्याची जाहिरात करताना हायड्रोजनच्या धोक्याकडे जितके लक्ष वेधायला हवे होते, तितके वेधले गेले नाही. एडिसन त्या वेळी नौदलाच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्ष होता.

मोटारीने नाकारलेली ही बॅटरी इतरत्र मात्र नावाजली गेली. खाणीतल्या कामगारांच्या टोपीवरचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, डब्यांतील दिवे, गोदामांतून माल ओढणाऱ्या गाड्या यांत तिने जम बसविला. जेथे वजनाची चिंता नाही, लोंढ्याची गरज नाही, पण रोज न चुकता काम व्हायला हवे, तेथे तिच्यासारखी तीच. शेवटी एडिसनला तिने गुंतवणुकीपेक्षा कितीतरी अधिक मिळवून दिले.

हवेत जाण्याचा मान मात्र युंग्नरच्या कॅडमियमकडे गेला. कॅडमियमचा घट विजेचा लोंढा बिनतक्रार देतो. १९४७ मध्ये तो पूर्ण हवाबंद करण्याची युक्ती साधली आणि पाणी घालण्याची कटकट मिटली. रेडिओवर नियंत्रित होणाऱ्या मॉडेल विमानांत कित्येक दशके चार निकेल-कॅडमियम घटांचा ४.८ व्होल्टचा जुडगा असे. इंजिन इंधनावर चाले, पण सुकाणू हलविणाऱ्या लहान मोटारी आणि रेडिओ या जुडग्यावर. तो हवेतच उतरला, तर विमान मालकाचे राहत नसे. विजेच्या मोटारीवर रेडिओ नियंत्रित मॉडेल उडविण्याचे श्रेय इंग्लंडच्या कर्नल टॅपलिन यांना दिले जाते; ३० जून १९५७ रोजी त्यांनी चांदी-जस्ताचे महागडे घट वापरून ते साधले. १९७३ मध्ये ऑस्ट्रियात माणूस बसलेले विजेचे विमान काही मिनिटे उडाले, ते निकेल-कॅडमियमवरच.

आता हेही मागे पडले. कॅडमियम विषारी असल्याने युरोपात त्यावर निर्बंध आले. त्याची जागा आधी निकेल-मेटल हायड्राइडने आणि मग लिथियम-पॉलिमरने घेतली. मेढ्यातील विद्यार्थी आज किलोभर वजनाच्या विमानासाठी बहुधा तीन घटांची, ११.१ व्होल्टची, २२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-पॉलिमर बॅटरी घेईल. तिचे वजन दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. तेवढीच ऊर्जा निकेल-कॅडमियममध्ये घेतली तर अर्धा किलो, आणि एडिसनच्या घटांत घेतली तर जवळपास किलोभर. म्हणजे विमान जमिनीवरून हलणारच नाही. पण हलकेपणाची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. एडिसनचा घट पूर्ण उतरला, वर्षभर पडून राहिला, उंचावरून पडला, तरी पुन्हा उभा राही. लिथियम-पॉलिमरचा घट तीन व्होल्टच्या खाली उतरू दिला, तर तो कायमचा खराब होतो. जास्त भरला किंवा आपटून फुगला, तर पेट घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक घट समतोल भरणारा चार्जर लागतो, बॅटरी भारित होत असताना घरात कोणीतरी हजर असावे लागते आणि फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी वापरातून काढावी लागते.

एडिसन अखेरपर्यंत प्रयोगशाळेत येत होता. उतारवयात देशी रबराचा शोध त्याने घेतला, तोही असाच हजारो वनस्पती एकेक करून तपासत. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वेस्ट ऑरेंज येथील घरी त्याचे निधन झाले. त्याचा बॅटरीचा कारखाना त्याच्यानंतर चार दशके चालला. १९७२ मध्ये तो एक्साइड कंपनीने विकत घेतला आणि तीनच वर्षांत तेथील निकेल-लोखंडाचे उत्पादन बंद केले. ज्या कंपनीने एडिसनची बॅटरी मोडीत काढली, तिचा मुख्य धंदा शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा होता.